वेगाच्या गावातला लाल बावटा

शर्यतीचा रविवार असला की चेन्नईच्या कोयम्बेडूहून बंगळुरूकडे जाणाऱ्या रस्त्याला सकाळी सकाळीच जाग येते. एरवी या वेळी रस्त्यावर असतात ते कारखान्यांत पाळीवर निघालेले कामगार, भाजीचे टेम्पो आणि कांचीपुरमच्या देवळांकडे निघालेली भाविक मंडळी. पण त्या दिवशी या गर्दीत आणखी एक जमात मिसळते. पाठीवर सॅक, डोक्यावर झगझगीत रंगाचं हेल्मेट, दोघा-तिघांच्या टोळ्या करून मोटारसायकलींवर निघालेली पोरं. मागच्या सीटवर दहीभाताचा डबा घेऊन मोटारीत बसलेली कुटुंबं. पूनमल्ली मागे टाकून पुढे गेलं की इरुंगाट्टुकोट्टै नावाचं, बोलताना मराठी जिभेची फे-फे उडवणारं गाव येतं. चेन्नईपासून अंतर चाळीसेक किलोमीटर.

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर या सगळ्यांचा मुक्काम ठरलेला. पितळी वाटी-पेल्यातली फिल्टर कॉफी हातात आली की चर्चा सुरू. आज कोण जिंकणार, कुणाच्या गाडीचं इंजिन काल सरावात कुरकुरलं, पाऊस येईल का... आणि पाच-दहा मिनिटांत ही चर्चा हटकून एका प्रश्नाशी येऊन ठेपते. पहिलं वळण! तिथं गाडी घसरली तर पुढे किती जागा आहे? रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचते? मोटारशर्यतीचे चाहते म्हणजे नुसते वेगाचे वेडे, असं समजणाऱ्यानं इथं घटकाभर बसावं. जितका वेळ ही मंडळी वेगावर बोलतात, तितकाच वेळ थांबण्यावर बोलतात. त्याला कारणही तसंच आहे.

आधी फुगे, मग टायर!

शर्यतीचं हे खूळ चेन्नईलाच का लागलं? उत्तर या शहराच्या हवेत आहे. ती हवा पेट्रोल, रबर आणि वंगणाच्या वासाची आहे. रॉयल एनफिल्डची बुलेट १९५६ पासून इथल्या तिरुवोट्टियूरमध्ये तयार होऊ लागली. एन्नोरला अशोक लेलँडचे ट्रक बनतात. त्याच तिरुवोट्टियूरमध्ये १९४६ साली के. एम. माम्मेन माप्पिल्लै या तरुणानं लहान मुलांचे रबरी फुगे बनवायला सुरुवात केली. त्या उद्योगाचं नाव मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे आजची एमआरएफ. फुगेवाले टायरवाले झाले आणि पुढे देशातल्या मोटारशर्यतींचे मोठे आश्रयदातेही. इरुंगाट्टुकोट्टैमध्येच ह्युंदाईचा अवाढव्य कारखाना आहे. १९९८ मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेली सँट्रो इथलीच.

ज्या शहरात घरटी कुणी ना कुणी गाडीच्या एखाद्या भागाशी संबंधित काम करतो, तिथं गाडी किती पळते हे पाहण्याची हौस असणारच. या हौसेला १९५३ मध्ये रीतसर रूप मिळालं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. १९९६ मध्ये शहराचं नाव चेन्नई झालं, पण क्लबानं आपलं मद्रास सोडलं नाही.

शोलावरमची धावपट्टी

टपरीवरच्या गर्दीत एखादे तरी थाथा असतातच. थाथा म्हणजे आजोबा. तरुण पोरांनी पहिल्या वळणाची काळजी व्यक्त केली की ते मिशीतल्या मिशीत हसतात. कारण त्यांनी शोलावरम पाहिलेलं असतं.

शहराच्या उत्तरेला, कोलकात्याच्या रस्त्यावर, रेड हिल्सच्या पुढे शोलावरम आहे. चेन्नईला पाणी पुरवणारा तलावही तिथलाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपलं, विमानं गेली आणि सरळसोट काँक्रीट तेवढं उरलं. क्लबाच्या मंडळींना आणखी काय हवं होतं? जवळपास चार दशकं देशातल्या सर्वांत गाजलेल्या शर्यती या धावपट्टीवर झाल्या. मुंबईचे, कोलकात्याचे, कोइमतूरचे स्पर्धक तिथं येत. संस्थानिक आपल्या परदेशी गाड्या घेऊन उतरत. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांच्यासारखा कल्पक माणूस देशी सामान वापरून स्वतःच शर्यतीच्या गाड्या तयार करी. पुढे नारायण कार्तिकेयन याच कोइमतूरमधून आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

माणसं हजारोंनी लोटत. पण धावपट्टी ती धावपट्टी! विमानासाठी आखलेल्या त्या काँक्रीटला ना शर्यतीची वळणं होती, ना वळणाबाहेर गाडी सावरायला मुद्दाम राखलेली जागा. गवताचे भारे, पिंपं, दोरखंड यांच्या आधारानं ट्रॅक आखायचा आणि दोरखंडापलीकडे माणसांनी उन्हात उभं राहायचं. त्या काळी जगभर थोडंफार असंच होतं. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉन्सच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. तरीही ती शर्यत शेवटपर्यंत चालूच ठेवली गेली!

धोका हा खेळाचाच भाग आहे, असं तेव्हा मानलं जाई. या समजुतीला मोठा धक्का दिला तो जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश ड्रायव्हरनं. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथं पावसात त्याची गाडी घसरली. तो गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय आणि सोडवायला कुणी नाही. शेवटी ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरांट हे दोघे प्रतिस्पर्धीच मदतीला धावले. स्टिअरिंग काढायला पाना हवा होता, तो एका प्रेक्षकाकडून मागून आणला! त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत पाना चिकटवून ठेवू लागला. कठडे हवेत, डॉक्टर हवेत, पट्टे हवेत म्हणून त्यानं आयोजकांशी भांडण मांडलं. 'भित्रा' म्हणून त्याची टवाळी झाली. पण तीन वेळा विश्वविजेता झालेल्या माणसाला भित्रा म्हणणार तरी किती दिवस? आज जगातल्या प्रत्येक ट्रॅकवर दिसणाऱ्या सुरक्षेच्या सोयींमागे त्याची ती कटकट आहे.

पावणेचार किलोमीटरांचं विद्यापीठ

शोलावरमवर कायमचं अवलंबून राहता येणार नाही, हे मद्रासच्या क्लबानंही ओळखलं. इरुंगाट्टुकोट्टैला जमीन घेऊन खास शर्यतीसाठी ट्रॅक बांधला. १९९० मध्ये तो सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. वर्षानुवर्षं 'मद्रास मोटर रेस ट्रॅक' म्हणून ओळखल्या गेलेल्या या जागेचं आजचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वनसाठी बुद्ध सर्किट २०११ मध्ये उभं राहिलं. तोवर देशात कुणालाही शर्यत शिकायची असली तर रस्ता तमिळनाडूतच यायचा. एक तर इथं, नाही तर कोइमतूरला.

चेन्नईचाच करुण चंडोक इथून २०१० मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. त्याचे आजोबा इंदू चंडोक आणि वडील विकी चंडोक दोघेही या खेळातलेच. अलिशा अब्दुल्ला ही चेन्नईची मुलगी आधी मोटारसायकल आणि मग मोटार घेऊन पुरुषांच्या बरोबरीनं याच ट्रॅकवर उतरली. मायकेल शूमाकरचा मुलगा मिक एमआरएफच्या स्पर्धेत इथं गाडी चालवून गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या जेमी चॅडविकनं तीच स्पर्धा इथं जिंकली, तेव्हा ती ही स्पर्धा जिंकणारी पहिली महिला ठरली.

मराठी माणूस यात मागे नाही. कुस्ती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबरच कोल्हापूरला वेगाचंही वेड आहे. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीत पोरं गो-कार्टवर हात बसवतात. ध्रुव मोहितेसारखे कोल्हापूरचे ड्रायव्हर राष्ट्रीय स्पर्धांसाठी चेन्नईच्या वाऱ्या करत आले आहेत. शर्यतीच्या दिवशी इथल्या पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गॅरेजात, तमिळ-इंग्रजीच्या कलकलाटात अचानक "आरं, हळू घे की रं!" असं ऐकू आलं तर दचकायचं कारण नाही.

आत शिरल्यावर नवख्या माणसाला प्रथम जाणवतो तो आवाज. कानात नव्हे, थेट छातीत वाजणारा! तो ओसरला की नजर आजूबाजूला जाते आणि ध्यानात येतं की ट्रॅकच्या काळ्या पट्ट्याइतकीच मेहनत त्याच्या कडेच्या रिकाम्या जागेवर घेतलेली आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोकळी जागा सोडतात. ती आळशीपणानं पडीक राहिलेली नसते. सुटलेली गाडी तिथं आपला वेग घालवते. काही ठिकाणी खडी पसरतात. चाकं खडीत रुतली की गाडी थांबते. त्यापलीकडे जुन्या टायरांची एकमेकांना बांधलेली भिंत, धडक शोषून घेण्यासाठी.

यातही एक मेख आहे. मोटारीला जे मानवतं ते मोटारसायकलला मानवेलच असं नाही. मोटारीत माणूस पट्ट्यांनी बांधलेला, पोलादी पिंजऱ्यात बसलेला असतो. गाडी कठड्यावर आदळली तरी मार पिंजरा खातो. मोटारसायकलवाला मात्र घसरला की उघडाच. त्याला कठडा जितका दूर तितका बरा. घसरत घसरत आपोआप थांबण्याइतकी जागा मिळाली तर तो उठून, कपडे झटकून चालत परत येतो. आणि इथं तर एकाच ट्रॅकवर कधी मोटारी धावतात, कधी दुचाकी. दोघांना सांभाळायचं ही तारेवरची कसरत.

प्रत्येक वळणावर बावटे घेऊन उभे असतात ते मार्शल. यातले बरेचसे हौसेनं आलेले स्वयंसेवक. चेन्नईच्या उन्हात दिवसभर उभं राहायचं, शर्यतीचा स्वतःपुरता एकच तुकडा पाहायचा आणि पापणी लवू द्यायची नाही! पिवळा बावटा म्हणजे पुढे धोका, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. काळा-पांढरा चौकटींचा म्हणजे शर्यत संपली. आणि लाल? सगळ्यांनी वेग कमी करायचा आणि परतायचं. शर्यत बंद.

२०२३ साली या ट्रॅकनं लाल बावटा दोनदा असा पाहिला की तो चाहत्यांच्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही.

दोन काळे दिवस

रविवार, ८ जानेवारी २०२३. राष्ट्रीय मोटार शर्यत स्पर्धेची फेरी होती. सलून गाड्यांच्या, म्हणजे आपल्या रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत के. ई. कुमार यांची गाडी दुसऱ्या गाडीला लागली, ट्रॅकबाहेर गेली, कुंपणावर आदळली आणि उलटून टपावर पडली. लाल बावटा फडकला. त्यांना बाहेर काढून रुग्णालयात नेलं, पण ते वाचले नाहीत. वय ५९. कुमार याच क्लबाचे आजीव सदस्य आणि ट्रॅकवर सगळ्यांच्या ओळखीचे. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या.

सात महिनेही उलटले नव्हते. शनिवार, ५ ऑगस्ट २०२३. या वेळी मोटारसायकलींची राष्ट्रीय स्पर्धा होती. नवोदितांच्या शर्यतीत बंगळुरूचा श्रेयस हरीश सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला. सकाळच्या पात्रता फेरीत सर्वांत वेगवान वेळ नोंदवून ती जागा त्यानं मिळवली होती. शर्यत सुरू झाली, पहिल्या वळणातून बाहेर पडताना तो पडला. लाल बावटा. रुग्णवाहिका. रुग्णालय. आणि मग ती बातमी. श्रेयसचं वय अवघं तेरा वर्षं. शनिवार-रविवारच्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या.

एक एकोणसाठ वर्षांचा, दुसरा तेरा वर्षांचा. एक जण अनुभवानं पिकलेला, दुसऱ्याचं सगळंच व्हायचं होतं. त्या शनिवारनंतर टपरीवरच्या गप्पांचा सूरच बदलला.

तेरावं वर्षं... लवकर की वेळेवर?

चाहत्यांत आजही दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं ऐकलं तर तेही पटतं. हा खेळ गाण्यासारखा किंवा कुस्तीसारखा आहे. लहानपणीच अंगात मुरावा लागतो. स्पेनचा मार्क मार्केझ २००८ मध्ये पंधराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत उतरला, म्हणून तर पुढे एवढा मोठा झाला. आपल्या पोरांना अठरा वर्षं थांबवलं तर ती जगाच्या मागेच राहणार. शिवाय मुलगा ट्रॅकवर शिकला नाही तर तो रस्त्यावर शिकेल आणि रस्ता काही ट्रॅकपेक्षा दयाळू नाही.

दुसरा तट विचारतो, मुलाला गाडी चालवता येते हे मान्य, पण धोका म्हणजे काय हे त्याला कळतं का? त्याच्या वतीनं 'हो' म्हणणारे आपण मोठे. मग त्या 'हो'चा हिशेब कुणी द्यायचा? हा तट स्पेनचंच उदाहरण देतो. तिथं २०२१ च्या एका हंगामात चौदा वर्षांचा ह्युगो मिलान आणि पंधरा वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस असे दोन मुलगे शर्यतीत गेले. दोघांनाही पडल्यावर मागून येणाऱ्या गाड्यांचा मार बसला होता. त्यानंतर जागतिक मोटारसायकल महासंघानं वयाच्या अटी कडक केल्या. ग्रां-प्री स्पर्धेसाठी किमान वय २०२३ पासून अठरा केलं. लहान मुलांच्या शर्यतींत एका वेळी उतरणाऱ्या गाड्यांची संख्याही कमी केली. ट्रॅकवर गर्दी कमी, तर पडलेल्या मुलाच्या अंगावर गाडी येण्याचा धोका कमी. साधं गणित!

या वादात दोन्ही तट एका जागी मात्र एकत्र येतात. अपघात झाला की शर्यत थांबवली, कार्यक्रम रद्द केला, मौन पाळलं. हे योग्यच. पण नंतर काय? अपघात नेमका कशानं झाला, कठडा कुठे कमी पडला, हेल्मेट कसं होतं, डॉक्टर किती वेळात पोचले आणि पुढच्या शर्यतीआधी काय बदललं, हे सगळ्यांना कळायला हवं. विमान पडलं की त्याची चौकशी होते, अहवाल येतो आणि त्यातून जगभरची विमानं शहाणी होतात. शर्यतीच्या गाड्यांचंही तसंच व्हायला हवं. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोला इथं रोलँड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना लागोपाठच्या दोन दिवसांत गेले. त्यानंतर फॉर्म्युला वननं गाड्या बदलल्या, ट्रॅक बदलले, नियम बदलले. डोकं आणि मान सावरणारं 'हॅन्स' नावाचं साधन २००३ पासून सक्तीचं झालं. २०१८ मध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर 'हेलो' ही धातूची कमान आली, तेव्हा गाडी विद्रूप दिसते म्हणून नाकं मुरडली गेली. दोन वर्षांनी बहरीनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी कठडा फोडून पेटली आणि तो त्या ज्वाळांतून चालत बाहेर आला, तेव्हा ती मुरडलेली नाकं सरळ झाली!

बुद्धिबळाच्या पटावर गाड्या

एवढं सगळं झाल्यावर चेन्नईनं नवाच घाट घातला. शर्यत ट्रॅकवर नव्हे, थेट शहराच्या काळजात, आणि तीही रात्री दिव्यांच्या झगमगाटात! कूवम नदीच्या वेढ्यातलं आयलंड ग्राऊंड, फ्लॅगस्टाफ रोड, अण्णा सालै, शिवानंद सालै आणि नेपियर पूल. सुमारे साडेतीन किलोमीटरांचा फेरा, वळणं एकोणीस. नेपियर पूल १८६९ सालचा. २०२२ च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या वेळी तो काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवला होता. बुद्धिबळाचा पट आणि शर्यत संपवणारा बावटा सारखाच दिसतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं असेल का?

आधी मुहूर्त ठरला ९ आणि १० डिसेंबर २०२३ चा. पण त्याच आठवड्यात मिचाँग चक्रीवादळ आलं, चेन्नई पाण्याखाली गेली आणि शर्यत पुढे ढकलली गेली. लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी असताना गाड्या कसल्या पळवायच्या?

प्रकरण मद्रास उच्च न्यायालयातही गेलं. सरकारचा पैसा, रहदारीची कोंडी आणि लोकांची सुरक्षितता, तिन्हींवर काथ्याकूट झाला. न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. शेवटी ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ हे दिवस ठरले. शनिवारी ऐन वेळी पाऊस कोसळला. मोटारशर्यतींची जागतिक संघटना एफआयए ट्रॅक तपासून जोवर प्रमाणपत्र देत नाही तोवर शर्यत नाही, असं न्यायालयानं बजावलं होतं. दुपारची मुदत टळली, न्यायालयानं ती रात्री आठपर्यंत वाढवून दिली. तिकिटं काढून आलेले लोक भिजत, कंटाळत, घड्याळं बघत बसले. अखेर प्रमाणपत्र मिळालं आणि मुख्य शर्यती रविवारी झाल्या. त्यातही एका भटक्या कुत्र्यानं ट्रॅकवर येऊन खेळ थांबवलाच. २०११ मध्ये नोएडातल्या पहिल्या फॉर्म्युला वन सरावातही कुत्र्यानं असाच लाल बावटा दाखवायला लावला होता. भारतीय शर्यतीचं उद्घाटन कुत्र्याखेरीज होत नाही, हा विनोद आता चाहत्यांत रुळला आहे.

विनोद बाजूला ठेवला, तर शहरातल्या शर्यतीचा धोका वेगळा असतो. तिथं वळणाबाहेर मोकळी जागा नसते, दुकानं असतात, सरकारी कचेऱ्या असतात. म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि त्यांवर तुकडे उडू नयेत म्हणून जाळी. चूक झाली की थेट भिंत. त्या जाळीपलीकडे प्रेक्षक आणि जवळच मोठी सरकारी रुग्णालयं, जिथं रात्रीबेरात्री रुग्णवाहिका यायच्याच. म्हणून तर प्रमाणपत्राचा तो कागद इतका मोलाचा! त्या शनिवारी भिजत बसलेल्यांपैकी काहींनी आयोजकांना लाखोली वाहिली असेल. पण प्रमाणपत्राशिवाय इंजिन सुरू झालं नाही, हीच त्या दिवसाची जमेची बाजू, असं जुने चाहते सांगतात. शोलावरमच्या दोरखंडापासून शहर इतकं पुढे आलं आहे.

परतीचा रस्ता

संध्याकाळी इरुंगाट्टुकोट्टैची शर्यत संपते. चौकटींचा बावटा गुंडाळला जातो, मार्शल मंडळी रापलेल्या चेहऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतात आणि गर्दी पुन्हा महामार्गावर येते. दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग खरं तर आता सुरू होतो!

अतिशयोक्ती वाटते? देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यातली शेकडा ४४ माणसं दुचाकीवरची. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तमिळनाडू देशात पहिला होता, ६४ हजारांहून अधिक. राष्ट्रीय पातळीवर शर्यती जिंकलेला चेन्नईचा अश्विन सुंदर मार्च २०१७ मध्ये गेला, तोही ट्रॅकवर नाही. शहरातल्या सांथोम हाय रोडवर अपरात्री गाडी झाडावर आदळून पेटली आणि तो व त्याची पत्नी दोघंही त्यात गेले. रस्त्यावर ना खडीचा पट्टा असतो, ना टायरांची भिंत, ना बावटा घेऊन उभा असलेला मार्शल.

म्हणूनच परतीच्या वाटेवर त्या टपरीशी एक दृश्य हमखास दिसतं. दिवसभर वेगाच्या नशेत असलेली तरुण पोरं कॉफीचा शेवटचा घोट घेऊन गाडीला किक मारतात. एखाद्याचं हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं. थाथा हाक मारतात, "तंबी, हेल्मेट!" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पोरगा ओशाळतो, हेल्मेट डोक्यावर चढवतो. थाथा तिथंच थांबत नाहीत. हनुवटीखालचा पट्टा नीट लागला का, हेही बोटानं ओढून बघतात.

मग ते हातानं खूण करतात, आता जा.